साखळीतली तिसरी गाडी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढा, रंगानं निळा, आणि पाठीवर पांढऱ्या रंगात तीनचा आकडा. मला बघून कुणालाही वाटेल, एखाद्या पोराच्या खेळातला तुकडा हरवून इथे आलाय. तसं नाही बरं का! मी लष्करी ट्रक आहे. म्हणजे मला ट्रक मानायचं असं मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ठरवलेलं आहे, आणि ती मंडळी एकदा ठरवलं की मानतात.

माझा जन्म मुक्वा नावाच्या झाडाच्या लाकडातून झाला. लिकांडो नावाचे लोझी जमातीचे एक कारागीर होते. पाणघोडे, हत्ती, बसायची घडवंची असलं काहीबाही ते कोरत. लष्कराचा माणूस जेव्हा त्यांच्याकडे ट्रक आणि रणगाडे कोरून मागायला आला, तेव्हा म्हातारबुवा चांगलेच वैतागले.

"पाणघोडा सांगा, कोरतो. त्याला तोंड असतं, पोट असतं. या तुमच्या डब्याला काय आहे?"

तरीसुद्धा त्यांनी मन लावून काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या पोटाखाली त्यांनी चाकांच्या खुणाही कोरल्या. मला फार अभिमान वाटला होता. चाकं आहेत म्हणजे आपण लांब लांब जाणार, असं मला वाटलं. भोळाच होतो मी. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एका खोलीच्या बाहेर गेलेलो नाही.

ही खोली टेकडीवरच्या लष्करी महाविद्यालयात आहे. मधोमध वाळूनं भरलेलं भलंमोठं मेज. वाळूचे डोंगर, निळ्या भुकटीची नदी, लाल मुरमाचा रस्ता. वाऱ्यानं डोंगर उडून जातात म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. वर पत्रा. ऑक्टोबरात बाहेर जॅकरंडाची झाडं जांभळी फुलतात म्हणे, आत आम्ही भाजून निघतो. लढाईचा खेळ नसला की आम्हाला पेटीत कोंबायचं, आणि खेळ असला की त्याच लाल रस्त्यावर, तेच ठोकळे पुढे आणि तेच मागे. डावीकडे वळावंसं वाटलं तरी वळायचं कुठे? रस्ता तेवढाच होता.

आमचा हा रस्ता आणि आमची ही रांग, दोन्हींचे कर्तेकरविते होते कर्नल चिलेक्वा. बेम्बा जमातीचा जातिवंत माणूस. आवाज असा की वाळूचा डोंगर खचावा. तरुणपणी ते शांतिसेनेबरोबर परदेशात गेले होते. तिथे धुळीत गाड्या चुकायच्या, चुकलेल्या गाडीला झाडीतले बंडखोर गाठायचे. तेव्हा कर्नलसाहेबांनी नियम काढला: पुढच्या गाडीची नंबरपाटी दिसेल इतक्या जवळून चालायचं, कुणी कुणाला सोडायचं नाही. त्यांनी त्याला नाव दिलं साखळी. त्या साखळीतून त्यांनी आपली सगळी माणसं जिवंत घरी आणली. सगळी! तेव्हापासून साखळी म्हणजे आमच्याकडे देववाणीच झाली. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ती शिकवायची, आणि ती शिकवायला मी आणि माझे भाऊ रस्त्यावर ओळीनं उभे.

खेळ असा असायचा. एका बाजूला आम्ही निळे, म्हणजे आपले. दुसऱ्या बाजूला लाल, म्हणजे शत्रू. कोण मेलं, कोण वाचलं, हे पंच ठरवणार. पंच अर्थातच कर्नल चिलेक्वा. ठोकळे हलवायचं काम सार्जंट म्वेम्बाचं. हा टोंगा जमातीचा गडी, उंच, हसरा, खिशात सदा भाजलेले शेंगदाणे. लांब काठीनं तो आम्हाला पुढे ढकलायचा. पंचांनी "मेला" म्हटलं की दोन बोटांनी हळूच आडवं करायचा. माझ्या कानाशी पुटपुटायचा, "झोप रे बाबा जरा."

पण झोपतो कसला! कर्नलसाहेबांचा पुढचा हुकूम ठरलेला असायचा.

"उभं करा."

त्यांचंही काही चूक नव्हतं म्हणा. तिसरी गाडी नदीच्या अलीकडेच मेली, तर पुढे नदी कशी ओलांडायची, तळ कसा टाकायचा, हे पोरांनी शिकायचं कधी? धडा पुरा व्हायला हवा. म्हणून मेलेले ठोकळे उठायचे आणि पुढे चालायला लागायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आमची तर मेल्यावरही जात नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे निळे ठणठणीत, आणि अधिकारी हात धुऊन मक्याच्या पिठाचा नशिमा खायला मोकळे.

सुरुवातीला मला मजा वाटायची. मी अमर आहे, अशी शेखी मिरवायचो. नंतर नंतर मात्र कंटाळा आला, आणि मग भीती वाटायला लागली. कारण मी किती वेळा मेलो, कशानं मेलो, हे कुणी विचारतच नव्हतं.

मग एके दिवशी मेजर टिओनेंजी जेरे आल्या. महाविद्यालयात एक नवा कक्ष निघाला होता, भविष्य कक्ष. नव्या कल्पना, नवी यंत्रं आली की उद्याचं सैन्य कसं बदलेल, याचा अभ्यास करायचा. नाव मोठं आणि माणूस एकच, जेरे मॅडम. त्या न्गोनी जमातीच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, आणि जीभ अशी धारदार की विचारू नका.

आता बेम्बा आणि न्गोनी यांचं नातं तुम्हाला सांगायला हवं. आजे-पणजे एकमेकांशी लढले, आणि लढाई संपल्यावर त्यांनी थट्टेचं भाऊपण जोडलं. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं आणि रागवायचं कुणी नाही. रागावला तो हरला. मॅडम पहिल्यांदा खोलीत शिरल्या तेव्हा कर्नल म्हणाले,

"आली का उंदीरखाऊंची फौज! म्वेम्बा, पेट्या झाक रे, काही कुरतडलं जाईल."

मॅडमनी सलाम ठोकला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, झाडावरून उतरलात, बरं केलंत. माकडखाऊ मंडळी सहसा वरच असतात."

सगळे पोट धरून हसले. कर्नल सर्वांत जास्त हसले. पण थट्टा संपली की त्या मेजर आणि ते कर्नल. कामाच्या गोष्टीत त्यांच्यापुढे एक शब्द जास्त बोलायची सोय नव्हती.

मॅडमची काम करायची रीत मी तोवर पाहिली नव्हती. बाकीचे नवं यंत्र आलं की विचारायचे, "हे केवढ्याला? आपण किती घ्यायची?" मॅडम विचारायच्या, "याच्यामुळे आपली कुठली सवय आपल्याच जिवावर उठेल?" दुपारी खोली रिकामी असली की त्या आणि म्वेम्बा तोच खेळ पुन्हा पुन्हा मांडायचे. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. भुईमुगाचं टरफल वाकवलेल्या तारेवर टोचून त्यांनी उडता कॅमेरा केला. बाजारात मिळतो तसला, शेतकरीही पिकावर फिरवतात तो. लाल बाजूला असं एक टरफल दिलं, आणि आमची अख्खी साखळी टेकडीपलीकडून दिसायला लागली. टरफलाखाली बाँब बांधला असं मानलं, तर पहिली गाडी पेटायची, तिच्या बुडाशी दुसरी थांबायची, दुसरीच्या बुडाशी मी. मग आम्हाला वेचून वेचून मारायला कितीसा वेळ!

"प्रत्येक गाडीवर तोफ बसवून बघू," मॅडम म्हणाल्या. बसवली, म्हणजे काडी खोचली. तरी मेलो. गाड्या बदलून जाड पत्र्याच्या केल्या. जरा उशिरा मेलो. मग त्यांनी तोफा काढल्या, पत्रा काढला, आणि आम्हाला फक्त लांब लांब पांगवलं. सैनिकांचे फोन बंद ठेवायला लावले, कारण फोनच शत्रूला पत्ता सांगतात. त्या दिवशी एक गाडी गेली आणि बाकीच्या पोचल्या. म्वेम्बाने काठी टेकवली आणि म्हणाला,

"मॅडम, म्हणजे शत्रू आपल्याला मारत नाहीये. आपण एकमेकांना चिकटून मरतोय."

"हेच कर्नलना सांगायचंय," मॅडम म्हणाल्या, "आणि हेच सांगता येत नाहीये."

सांगून पाहिलं त्यांनी. एकदा नाही, अनेकदा. कर्नल ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "टरफलाला घाबरायचं आता? नंतर बघू." सगळ्यांसमोर खेळ मांडला की टरफलं आम्हाला मारायची, आणि मागून तो आवाज यायचा, "उभं करा." पडलो तरी नाक वर! मला वाटायचं ओरडावं, अहो, मी मेलोय, मेलोय मी, एकदा तरी माना! पण लाकडाला तोंड कुठलं? लिकांडोबाबा म्हणाले होते तेच खरं.

त्यातच बातमी आली. टेकडीखालची पलटण शांतिसेनेत जाणार, आणि रस्ता साखळीनंच कापणार. जाण्याआधी पलटणीच्या अधिकाऱ्यांना आमच्या मेजावर शेवटचा सराव दाखवायचा होता. तो झाला की कर्नलची सही, आणि सही झाली की गाड्या निघणार. म्वेम्बाची बदली त्याच पलटणीत झाली होती. रसदीचा प्रमुख म्हणून तो तिसऱ्या गाडीत बसणार होता. त्यानं हे मॅडमना सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण शेंगदाण्याची पुडी तशीच हातात राहिली होती.

"तुम्ही काही बोला ना, मॅडम."

"कसं बोलू? मला लाल बाजू खेळायला सांगितलंय, आणि वर बजावलंय की तोंड उघडायचं नाही. उघडलं तर उद्या माझी बदली कुठल्यातरी गोदामात. मग साखळीवर बोलायला इथे कुणीच उरणार नाही."

त्या बोलता बोलता माझ्याकडे बघत होत्या. मी पेटीत, त्या गणवेशात. दोघांनाही दार बाहेरून बंद.

सरावाचा दिवस उजाडला. खोली गच्च भरली. पलटणीचे अधिकारी मेजाभोवती दाटीनं उभे, घामाचा आणि बुटांच्या पॉलिशचा वास. आम्ही ओळीनं निघालो. डोंगर गेला, गाव गेलं, नदी आली. मॅडमनी तारेवरचं टरफल आमच्या डोक्यावर आणलं. पहिली गाडी पडली. दुसरी थांबली, पडली. मी पडलो.

"दुर्दैव," कर्नल म्हणाले. "पण नदी ओलांडायची राहिलीये. उभं करा."

म्वेम्बाची दोन बोटं माझ्याकडे यायला लागली. 

आणि तेवढ्यात मॅडमनी पिशवीतून चितेंगे काढलं. आपल्याकडे बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड. गणवेशावरून त्यांनी ते करकचून बांधलं, वाळूच्या मेजाला पाठ लावून चक्क जमिनीवर बसल्या, डोक्यावर हात घेतले, आणि गळा काढला.

"आई गं! मेला गं मेला! माझ्या भावबंदाचा पोरगा मेला!"

 मग कुणीतरी फिसकन हसलं.

"मेजर जेरे, उठा!" कर्नल गरजले.

"मेजर जेवायला गेल्यात," मॅडम म्हणाल्या. "इथे न्गोनी बसलीये. बेम्बाच्या घरात मयत झालंय, मग रडायला आणि थट्टा करायला आम्हीच येणार. का रीत बदलली तुमची?"

आता हास्याचा स्फोट झाला. रीत सगळ्यांना ठाऊक होती. मयताच्या घरी थट्टेचे भाऊबंद येतात, मेलेल्याची नक्कल करतात, घरच्यांची टर उडवतात, आणि प्रेताची वाट अडवून बसतात. त्यांचं समाधान होईपर्यंत प्रेताला कुणी हात लावायचा नाही. आणि घरच्यानं रागवायचं नाही. कर्नल चिलेक्वांनी शेकडो मयतांत हेच केलं होतं, न्गोनींच्या दारात बसून कोंबड्या वसूल केल्या होत्या. आता ते पुरते सापडले. रागावावं तर पलटणीसमोर बेम्बांची लाज जाणार. त्यांनी ओठ दाबले, आणि मिशीतून हसू फुटलंच.

"बरं बाई उंदीरखाऊ, काय हवंय तुला? कोंबडी?"

"तुमच्या घरची कोंबडी? माकडाची शेपटी असेल तिला! नको."

"मग?"

"अहो, किती वर्षं बघतेय, तुमच्या घरचं प्रेत खड्ड्यात टिकतच नाही! पुरलं की उठतं, उठलं की चालायला लागतं. लोक म्हणतात चिलेक्वांच्या घरी चेटूक आहे."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम मात्र हसत नव्हत्या.

"जे पोर कधी घर सोडून गेलं नाही, त्याला आपल्या आईच्याच हातचं गोड लागतं, हे तुमचीच माणसं म्हणतात ना? साखळी तुमच्या आईच्या हातची. मान्य. पण मला मयताचं नाव सांगा. बिननावाचं प्रेत मी हलू देणार नाही."

"तिसरी गाडी," कर्नल म्हणाले.

"गाडीसाठी कुणी रडतं का? माणसाचं नाव."

कर्नलना पलटणीतली माणसं तोंडपाठ होती. त्यांनीच तर ती निवडली होती. ते अजूनही थट्टेच्याच सुरात म्हणाले, "ड्रायव्हर लान्स कॉर्पोरल सिमुकोंडा. झालं समाधान?"

"एकटाच होता का गाडीत?"

कर्नल मेजावर वाकले. त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्यावर अजून ती दोन बोटं अधांतरी होती. बोटांवरून मनगट, मनगटावरून खांदा, आणि मग चेहरा.

"म्वेम्बा," ते हळूच म्हणाले.

आणि म्वेम्बा, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, ताठ उभा राहून म्हणाला,

"हजर, सर!"

मित्रांनो, हसणाऱ्यांची तोंडं मिटली. कर्नल म्वेम्बाकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली, खरंच आली. ज्या साखळीनं त्यांनी सगळ्यांना घरी आणलं, तीच हातातून सोडायची म्हणजे काय सोपं आहे?

"हात काढ, म्वेम्बा," शेवटी ते म्हणाले. "पडू दे त्याला."

मग त्यांनी खेळ पुढे चालवायला सांगितला, आणि कुणालाच उभं केलं नाही. बाकीच्या गाड्या आमच्या मागे अडकल्या आणि एकेक करत आडव्या झाल्या. चहा येईपर्यंत रस्त्यावर एकही निळा ठोकळा उभा नव्हता. कर्नलनी टोपी काढून मेजावर ठेवली.

"या साखळीनं मी सगळ्यांना परत आणलं होतं, जेरे."

मॅडम उठल्या, चितेंगे सोडून घडी घातली. "ठाऊक आहे, सर. म्हणून तर इतकी वर्षं कुणी बोललं नाही."

पलटण निघाली ती सुटी सुटी. एका गाडीची धूळ खाली बसल्याशिवाय दुसरी सुटायची नाही. सगळ्यांचे फोन बंद. आकाशात घरघर ऐकू आली की गाडी सोडून झाडीत शिरायचं, हा नियमच करून टाकला. परदेशातल्या त्या रस्त्यावर तिसरी गाडी खरोखरच जळाली. सिमुकोंडा आणि म्वेम्बा तेव्हा झुडपात पालथे पडले होते, आणि मागची गाडी इतकी लांब होती की तिला नुसता धूर दिसला. हे मला म्वेम्बानेच सांगितलं. परत आल्यावर तो टेकडी चढून या खोलीत आला, आणि मेजाच्या कडेवर हात टेकून उभा राहिला. मला हात मात्र त्यानं लावला नाही. कारण कर्नलसाहेबांचा हुकूम होता: ती तिसरी गाडी पडली आहे तशीच ठेवा.

पुढे जेरे मॅडमना बढती मिळून राजधानीत बोलावणं आलं. कर्नल निवृत्त झाले. वाळूच्या मेजाचे दिवसही सरले. आता वरच्या मजल्यावर थंडगार खोलीत संगणक आहेत. कानामागून आले आणि तिखट झाले! तिथल्या पडद्यावर गाड्या धावतात, पेटतात, आणि जिना उतरणारी पोरं बोलतात त्यावरून कळतं की तिथेही एक बटण आहे. दाबलं की मेलेले सगळे उभे राहतात. ते ऐकलं की माझं लाकूड आतून चरचरतं. वर जाऊन सांगावंसं वाटतं, पण जाऊ कसा? माझ्या पोटाखालची चाकं नुसती कोरलेली आहेत. दाराला कुलूप आहे, अंगावर धूळ आहे, एका कुशीला वाळवीनं तोंड लावलंय. मी कूस बदलू शकत नाही. कंटाळा येतो हो, फार येतो.

वर्षातून एकदा दार उघडतं, आणि शाळेतली मुलं म्हणजे तुम्ही येता. दर वेळी तुमच्यातल्या कुणाचा तरी हात माझ्याकडे येतो. "अरेरे, हा पडलाय बिचारा," असं म्हणून तुम्ही मला उभा करायला बघता. तुमचं मन चांगलं आहे, मला समजतं. जुन्या वस्तू जपाव्यात, हेही खरं. धूळ पुसा, वाळवीवर औषध घाला, फार बरं वाटेल. पण उद्या मोठे व्हाल, तुमचेही लाडके बेत असतील, आणि कुणीतरी येऊन ते मेजावर आडवे पाडून दाखवेल. तेव्हा "उभं करा" म्हणायची घाई करू नका. आधी विचारा, कोण मेलं? त्याचं नाव काय?

आणि मला मात्र असाच पडू द्या, मित्रांनो. मी इथे आडवा झालो, म्हणून टेकडीखाली म्वेम्बा आत्ता आपल्या पोरांमध्ये बसून नशिमा खातोय.